फाटकावरचं लाल फडकं

४ मार्च
ह्यांचं दुसरं वर्षश्राद्ध. शेजारची लुआ सकाळीच टोपलीभर कोळंबी घेऊन आली. "वहिनी, तळं जरा लवकर उपसलं. बारीक आहे, पण भाऊजींना आवडायची ना!" आवडायचीच. आमच्याच कोळंबीच्या तळ्याच्या फळीवर बसून सोलली, तिथंच धुतली. आम्ही सगळं तिथंच धुतो. पहिली वाटी ह्यांच्या फोटोपुढं ठेवली.

९ मार्च
तळ्यातल्या कोळंबीला जाळीत टाकलेलं खाद्य तसंच उरलं.

११ मार्च
कोळंबी काठाशी येऊन गरगरतेय. एकीच्या डोक्याचं कवच काढून उन्हात धरलं — पांढरे ठिपके! ठिपक्यांचा रोग, अख्खं पीक जाणार. तशीच कालव्याच्या वरच्या अंगाला तोआन काकांकडे गेले आणि ओरडले, "आजारी पाणी सोडलंत ना कालव्यात?" काका दात कोरत होते. "अगं बये, तुझ्या तळ्याचं पाण्याचं फाटक महिनाभर बंद. माझं पाणी काय उडी मारून आलं?"
खरंच होतं. परत फिरले.

१२ मार्च
ह्यांचं रोगांवरचं पुस्तक काढलं. अक्षर अक्षर लावत वाचलं. मेलेल्या कोळंबीतही रोग टिकतो. कवचांत, धुतलेल्या पाण्यातसुद्धा. म्हणजे लुआची कोळंबी धुऊन मीच रोग आणला!
लुआला विचारलं, तुमच्या तळ्यात रोग होता का. रडायलाच लागली. "सगळे लपवतात, वहिनी! तुम्ही शिजवणार होतात. तळ्यात धुवाल हे मला काय ठाऊक? आता ओहोटीला फाटक उघडून पाणी कालव्यात सोडा नि मोकळ्या व्हा. आम्हीही तेच केलं." डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी असते तर तुम्हालाच ओरडले असते."
ओरडायला तरी हवे होते.

१३ मार्च
फाटक उघडलं नाही. खाली अजून एकोणीस घरं ह्याच कालव्याचं पाणी तळ्यात घेतात. पाण्यात रोग मारायची पावडर टाकली, आता फाटक आणखी महिनाभर बंद. सगळी कोळंबी मेली. वास सुटलाय.
फाटकावर लाल फडकं बांधलं — इथं रोग आहे, आपापली फाटकं लावा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी बांधायचे. तोआन काका होडीतून ओरडले, "सोड ते! व्यापारी फिरकणार नाहीत. अख्ख्या कालव्याचं नाव घालवशील!"
सोडलं नाही. आधी त्यांची माफी मागायची होती, ती राहूनच गेली.

१४ मार्च
कुणी बोलत नाही. लुआसुद्धा नाही.

१५ मार्च
सकाळी बांधावर उभी राहिले. वळणापर्यंत अकरा फडकी मोजली. सगळ्यांत वरच्या अंगाचं तोआन काकांच्या फाटकावर.