दुसरी पसंती मलाच!

३ मार्च, सकाळी ७
आजपासून कोणाचा हेवा करायचा नाही. तसा मी करत नाहीच.
गेल्या निवडणुकीत आमचा पक्ष आणि शेजारचा मित्रपक्ष, दोन्ही पुरोगामी, वॉर्डात एकमेकांविरुद्ध उभे राहिले. मतं फुटली आणि बिल्डरचा मेहुणा आरामात नगरसेवक झाला. यंदा दोन्ही पक्षांचा मिळून एकच उमेदवार. पंचवीस वर्षं सतरंज्या उचलल्यात, म्हणजे मीच. फक्त जाहीर व्हायचं बाकी आहे.

५ मार्च
मित्रपक्षाने दातांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव पुढे केलं. सदा हसतमुख. दातच घरचे, हसायला काय जातंय! आमच्यातून मी आणि टेलरकाका.
निवड पसंतीक्रमाने करू, हे मीच सुचवलं. तिघांना एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे. पहिल्या पसंतीची मतं सर्वांत कमी तो बाद, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे. देशभर हीच पद्धत हवी, यावर चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या बाईंना. का, तर त्यांनी चहा मागवला.

९ मार्च
बायकोची दाढ दुखत होती. गेली बाईंकडे. आल्यापासून एकच धोशा, काय हलका हात आहे हो! वीस वर्षांत माझ्या कशाचं एवढं कौतुक नाही. जळफळाट नुसता! रात्री जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही.

१२ मार्च
मास्टर प्लॅन! पहिली पसंती मागितली की लोक तोंड लपवतात. दुसरी द्यायला कोणाच्या बापाचं काय जातंय? दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते मिळून एकवीस मतदार, मी सोडून वीस. सगळ्यांना सांगून आलो, पहिली कोणालाही द्या, दुसरी मलाच. सगळे हो म्हणाले. बायकोही, तीही पक्षाचीच कार्यकर्ती. बाईंनासुद्धा सांगितलं! बघते म्हणाल्या. घाबरल्यात.

१५ मार्च, दुपारी २
मत दिलं. पहिली पसंती टेलरकाकांना, दुसरी मला, तिसरी बाईंना. बाई पहिल्याच फेरीत गारद होणार, मग त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मीच! आभाराचं भाषण खिशात आहे.

१५ मार्च, संध्याकाळी ६
बाई दहा. काका दहा. मी एक.
मीच बाद. नियम माझाच, बोलणार कोणाला? त्या एका मतपत्रिकेवर दुसरी पसंती बाईंना होती. अकरा-दहा. बाई उमेदवार.
घरी येताना बायकोला म्हटलं, ते एक मत तुझंच ना गं? ती म्हणाली, छे, तुम्ही दुसरी मागितलीत, मी दुसरी दिली.

१६ मार्च, सकाळी ९
बाई घरी आल्या. ते एक मत त्यांचं होतं! म्हणाल्या, एवढी पद्धत समजावलीत, एकाने तरी तुम्हाला पहिलं ठेवायला हवं होतं ना. दुसरी स्वतःला दिली. प्रचार तुम्हीच सांभाळा, म्हणाल्या. मग हसत हसत विचारलं, तुम्ही मला कितवी दिलीत हो?
मतदान गुप्त असतं, असं काहीतरी पुटपुटलो आणि चहा टाकायला आत पळालो.