गार गाडीचं दुखणं

सदर, नागपूर
दि. २ मे १९८३

चि. सौ. प्रेमिलास,
बाबाचे अ. उ. आ. व जयभीम.

इकडे सारे खुशाल. तुझी आई दिवसातून चारदा एकच विचारते, बाळंतपणाले पोरीले आणायले कधी जाता? चौदा तारखेले निघतो म्हणून सांगितलं. या उन्हात पोरीले एसीच्या गाडीतच आणीन, असं साऱ्या टॅक्सी स्टँडवर सांगून बसलो. पण पोरी, आता गाडीच रुसली.

एसी बंद असला की तिची काही तक्रार नाही. एसी लावून रामदासपेठेत सवारी सोडली अन् दहा मिनिटं थांबलो, की ती पुन्हा सुरूच होत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की आपोआप होते. ओमप्रकाश मिस्त्री म्हणे बॅटरी. बॅटरी चार्ज करून आणली, तरी तेच. आता तो म्हणते एसीच काढून टाक. रस्त्यात तुले घेऊन अडकलो तर? मले काही सुचून नाही राहिलं.

विहीणबाईंना जयभीम सांग. पत्राले उशीर करू नको.
तुझा बाबा,
लहानू


अकोला
दि. ५ मे १९८३

ती. बाबांस,
प्रेमिलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं, ती चूकच झाली. सासूबाई लगेच म्हणाल्या, रेल्वेनंच जा. मी म्हटलं, आधी बाबांना दोन गोष्टी विचारू द्या. तुले इंजिनातलं काय कळते, असं त्यांनी विचारलं. लग्नापर्यंत बॉनेटखाली तुम्हाले पाने देत होती, हे सांगितलं तर पदर तोंडाले लावून हसल्या.

बाबा, चावी फिरवली की इंजिन कण्हत फिरते का जोरात? कण्हत असेल तर बॅटरी, किंवा एसीचा कॉम्प्रेसर जाम. त्याचा पट्टा काढून पाहा. पण जोरात फिरून पेटत नसेल, तर मले पेट्रोलचा संशय आहे. एसीची गरम हवा इंजिनावर येते, इंजिनाजवळच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन ते पुढं जात नसेल. पुढच्या खेपेले बाकी कशाले हात लावू नका. पेट्रोलच्या पंपावर फक्त ओलं फडकं ठेवा अन् पाच मिनिटं थांबा.

रागावू नका, तुम्हीच शिकवलं. आईले सांगा, माझी तब्येत ठीक आहे. माया असू द्या.
तुमची प्रेमिला


सदर, नागपूर
दि. ९ मे १९८३

चि. सौ. प्रेमिलास,
अ. उ. आ.

इंजिन जोरातच फिरत होतं. फडकं ठेवलं, पाच मिनिटांनी चावी फिरवली, अन् गाडी पहिल्याच झटक्यात सुरू! माझा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम फडक्याविना पाहिलं, इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. फडकं ठेवलं, सुरू. ओमप्रकाश टोपी काढून डोकं खाजवत राहिला. आता धुराचा तापणारा पाईप अन् पंप यांच्यामधी पत्रा बसवला, थांबायच्या आधी एसीही बंद करतो. तेव्हापासून फडक्याचंही काम पडलं नाही.

विहीणबाईंना सांग, चौदाले येतो. काहून नाही येणार?
तुझा बाबा,
लहानू


सदर, नागपूर
दि. २७ मे १९८३

सौ. विहीणबाई तुळसाबाई यांस,
लहानूचा आदरपूर्वक जयभीम. वि. वि.

आनंदाची गोष्ट. काल दुपारी प्रेमिलाले मुलगी झाली. साडेसहा पौंड. दोघी सुखरूप आहेत.

पोचल्याचं पत्र तुम्हाले मिळालंच असेल. त्यात एक लिहिलं नव्हतं. तळेगावच्या ढाब्यावर भर दुपारी पोरीनं मुद्दाम वीस मिनिटं गाडी उभी करवली. पत्र्याची परीक्षा झाल्याबिगर पुढं जायचं नाही म्हणे. चावी तिनंच फिरवली. गाडी सुरू झाली तशी मी रस्त्यावरच मोठमोठ्यानं हसलो, अन् डोळे पुसले. तिनं ते पाहिलं नाही असं दाखवलं.

नाव ठेवायचा मान आत्याबाईंचा. त्यांच्या मनात काय आहे ते तारेनं कळवा. तोवर घरात पाच जण पाच नावांनी हाका मारून राहिले, अन् ती पाचही जणांकडे पाहून जांभई देते.

आमच्यावरचा लोभ आता नातीच्याही वाट्याले येवो.
आपला,
लहानू