धक्क्यावर घ्यायचं नाव

मोंबासा, आफ्रिका
आश्विन महिना

प्रिय वच्छला,

मामाजींचं, तुझ्या बाबांचं, पत्र आलं. तुले इकडे पाठवायले ते राजी झाले हे वाचून मी इंजिनाच्या शेडातच टोपी वर फेकली, ती तेलाच्या पिंपात पडली. आता दिवाळी झाली की तू मुंबईहून आगबोटीत बसशीन. सोबतीले आमच्या कच्छी शेठच्या घरची माणसं आहेत. फक्त इथं उतरताना एक अडचण आहे, अन् त्याचीच मले धास्ती वाटून राहिली. ते शेवटी सांगतो, नाही तर तू पुढचं वाचणारच नाही. तू माझ्याहून एक यत्ता जास्त शिकली, चुका पोटात घाल.

समुद्र कसा सांगू? मन नदीले पूर आला तवा आपण बाळापूरच्या किल्ल्याखाली उभे होतो, तू माझी बाही धरली होती, आठवते? तो पूर गेला तो गेला. हा रोज ओसरते अन् रोज परत येते, जसं कोणी बोलावणंच धाडलं. इथंही पाण्यावर किल्ला आहे, पोर्तुगीजांनी बांधलेला. आता त्यात कैदी ठेवतात. बाजूच्या जुन्या बंदरात अरबांची गलबतं लागतात अन् सगळ्या गावाले खजूर, मासळी, लवंग यांचा एकच वास येते. गल्ल्या अशा अरुंद की दोन माळणी टोपल्या घेऊन समोरासमोर आल्या तर एकीले मागं जावं लागीन. ती तू नसशीन, हे मले माहीत आहे.

अन् जनावरं! बडनेऱ्याले मी इंजिनात कोळसा टाकायचो तवा रुळावर फार तर म्हैस आडवी यायची. इथं जिराफ येते. तोंड गाईसारखं, अन् मान एवढी लांब की वाकल्याबिगर आपल्या घरावरचा दोडका खाईन. तारेचे खांब मुद्दाम उंच केले, कारण ते चालता चालता मानेनं तार तोडते. म्हणून माझी तार आली नाही तर रुसू नको, जिराफाले विचार. मागच्या फेरीले तर रुळावर हत्तीण उभी, पोटाखाली पिल्लू. आमच्या सरदार डायव्हरनं शिटी वाजवू दिली नाही. म्हणे, लेकुरवाळीले दम देऊ नये. डब्यातले साहेब घड्याळं पाहून राहिले, अन् ती गेली आपल्या मर्जीनं.

खोली घेतली आहे. मागं गोरखचिंचेचं झाड आहे, चौघांनी कवळ घातली तरी हात जुळत नाही. त्याच्या पलीकडे वांग्याले जागा राखली. बी पदरात बांधून आण.

आता अडचण. परवा आमच्या शेडातल्या रत्नागिरीकडच्या सुताराची बायको आली. बोटीच्या शिडीपाशी कागद तपासणारा साहेब बसते. कागदात सगळं लिहिलं असते, तरी तो एकेकीले तोंडानं विचारते की नवऱ्याचं नाव काय. ही पदर दातात धरून उभी. दुभाष्यानं परत विचारलं, तर तिनं खाली बोट दाखवलं, "ते काय, ते उभे." खाली धक्काभर माणसं. साहेबाले वाटलं कागद दुसरीचे आहेत, त्यानं तिले परत वर धाडलं. ती कठड्याशी, नवरा खाली, दिवे लागेपर्यंत दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. शेवटी शेठ जामीन राहिला तवा सुटली.

मले तिच्या जागी तूच दिसली. लग्नात बायांनी दार अडवलं तवा तू इतकं हळू नाव घेतलं, की पार्बताआत्या म्हणे, "पोरी, नाव घेतलं का चूल फुंकली?" त्यानंतर एकदाही नाही. "अवो" अन् "आयकता का" यावर आपला संसार चालला, माझी तक्रार नव्हती. पण साहेबाले "अवो" समजत नाही.

म्हणून हे पत्र. रोज मळ्यात जा, वाफ्यापाशी उभी राह, अन् मोठ्यानं म्हण. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणतात. होऊ दे थोडं कमी. तू बोटीतूनच परत गेली तर उरलेलं घेऊन मी काय करू? लाज वाटली तर उखाण्यात घे. इथं हत्तिणीसाठी गाडी थांबते, तुझ्यासाठी साहेब थांबीन. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. बोट ठेवून वाच, मनातल्या मनात नको.

धक्क्यावर कान लावून उभा असलेला, तुझाच

पुंजाराम