इंजिन घरी उतरवल्याबद्दल वन्संना

डोकमर्डी, सिल्वासा
रविवार, दुपार

ती. सौ. वन्संना सुलभाचा नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींची साखर आटोक्यात असेल अशी आशा करते (ती वाढली की त्यांचं बोलणंही वाढतं, म्हणून मुद्दाम विचारते). आम्ही सगळे मजेत आहोत असं पत्रात लिहायची रीत आहे, तेव्हा लिहून टाकते. प्रत्यक्षात मजेत कोणी नाही. फोनच केला असता, पण तुमच्या घरी फोन कायम स्पीकरवर असतो आणि भावोजी पेपर वाचता वाचता मध्येच विचारतात, काय म्हणतेय विश्वनाथची गाडी? नेमका तोच प्रश्न सध्या आमच्या घरात कुणी काढलेला मला नको आहे. म्हणून पत्र. हे एकटीने वाचा आणि वाचून झाल्यावर रद्दीत टाकू नका, कारण तुमच्याकडची रद्दीसुद्धा भावोजीच चाळतात.

मे महिन्यात तुम्ही दोघं आलात तेव्हा आपण वासोण्याला सिंह बघायला गेलो होतो. सिंह झोपले होते, आपण जागे होतो, एवढाच काय तो त्या सहलीचा हिशोब. परतताना आमच्या म्हाताऱ्या गाडीतून धूर निघाला आणि ती रस्त्यातच बसली. हे स्टिअरिंग धरून होते. तुम्ही आणि मी मागून ढकलत होतो (तुम्ही नारायणपेठ नेसून, गुडघे दुखत असताना, ते मी विसरलेले नाही). भावोजी मागच्या सीटवरून उतरले नाहीत, कारण त्यांना कमरेला पट्टा होता. तोंडाला नव्हता. खिडकीतून मान बाहेर काढून ते म्हणाले, "विश्वनाथला फायलीखेरीज आयुष्यात काही हलवता आलेलं नाही." तुम्ही हसलात, वन्सं. मी दम लागला होता म्हणून हसले नाही, एवढाच फरक. ह्यांनी आरशातून आपल्या तिघांकडे बघितलं आणि परत पुढे बघायला लागले.

तुम्हाला वाटेल, एवढंसं बोलणं, त्यात काय. पण तुमच्याकडे हे बोलणं चिपळूणला होतात तेव्हापासून चालू आहे. विश्वनाथला बल्ब लावता येत नाही, विश्वनाथने सायकलची चेन उलटी बसवली, विश्वनाथ सरकारी नोकरीतच शोभतो. लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक सणाला मी हे श्रीखंडाबरोबर खाल्लेलं आहे. ह्यावेळी मात्र ते ह्यांना लागलं. गॅरेजवाल्याने इंजिन खाली उतरवून पूर्ण खोलावं लागेल असं सांगितल्यावर हे म्हणाले, बरं, घरीच करतो. मी विचारलं, काय करता? तर म्हणाले, इंजिन. जसं काही मी कुणाला सांगावं, आज भरली वांगी करते.

आमच्या वरच्या मजल्यावर नवनाथ राहतो. मूळचा धुळ्याकडचा, इथे सूत कारखान्यात फिटर. त्याने साखळीची कप्पी आणली, पार्किंगच्या लोखंडी तुळईला टांगली आणि दोघांनी मिळून इंजिन उचललं. सगळी बिल्डिंग खाली. कुणी म्हणे साखळी तुटेल, कुणी म्हणे तुळई. साखळी आणि तुळई दोन्ही टिकल्या, तुटला तो माझा संसार. खाली चोरीला जाईल म्हणून इंजिनाचा एकेक भाग घरात आला. पिस्टन फ्रिजवर, बोल्ट पोळ्यांच्या डब्यात, झाकण (त्याला हेड म्हणतात, म्हणे) गणपतीच्या पाटावर. मी शाळेतून यायचे तेव्हा हे गॅलरीत बसून व्हॉल्व्ह दोन तळहातांत धरून रवीने ताक घुसळावं तसे फिरवत असायचे. घरात लोणी काही निघालं नाही. हे सुटे भाग डिझेलमध्ये धुवायचे, त्याचा वास मात्र माझ्या ब्लाउजना असा बसला की दुसरीतली पोरं मला विचारायला लागली, बाई, तुम्ही पेट्रोलपंपावरून येता का?

आणि ह्यांचं ते 'चालेल'. तुमच्या भावाचा हा शब्द तुम्हाला ठाऊक आहेच. (मला बघायला आलात तेव्हा तुमच्या आईंनी मुलगी कशी वाटली म्हणून विचारलं आणि ह्यांनी हेच उत्तर दिलं होतं. आमच्याकडे ते ऐकून माझ्या आत्याने चहाचा कप खाली ठेवला होता.) नरोली रोडवरचा स्पेअर पार्टवाला गुजरातीत म्हणायचा, चालशे. हे म्हणायचे, चालेल. दोघांचं एवढं जमलं की एक गॅसकेट चक्क दुसऱ्याच गाडीचं घरी आलं. ते बदलून आणलं, मग रिंगा लहान निघाल्या. पण हे चिडले नाहीत, थकले नाहीत, पुस्तक आणून अधोरेखित करकरून वाचत होते. सगळं चालेल म्हणणारा हा माणूस पहिल्यांदाच एखादी गोष्ट नीटच हवी म्हणून अडून बसलेला मी बघितला. सिलिंडरचा ब्लॉक घासून घ्यायला हे वापीला गेले तेही रिक्षात, मांडीवर गोणपाटात गुंडाळून. आता आमच्याकडून गुजरातेत शिरताना माणूस मांडीवर जड काही गुंडाळून निघाला की नाक्यावरच्या पोलिसाचा चेहरा कसा खुलतो, हे तुम्हाला सांगायला नको. तिकडे दारूबंदी, इकडे दुकानांच्या रांगा. त्याने गोणपाट सोडायला लावलं. आत लोखंड. त्याने तीन भोकांत हात घालून बघितला, बाटली नाही, आणि हात काळा झाला म्हणून ह्यांनाच झापलं. हे घरी येऊन ती गोष्ट सांगताना इतके हसले की मला क्षणभर वाटलं, राहू दे हे इंजिन घरातच.

पण गेल्या रविवारी ते जोडून झालं. पुन्हा कप्पी, पुन्हा नवनाथ, पुन्हा बिल्डिंग. इंजिन जागेवर बसलं, तेल घातलं, पाणी घातलं, वायरी लावल्या. ह्यांनी आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला (मी विचारलं कशाला, तर भांग पाडायला लागले) आणि किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं, एकदा मोठ्याने खोकलं आणि गप्प. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बॅटरी बसेपर्यंत तेच. नवनाथ डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, बठ्ठं बरोबर शे. मंग चालू काबर व्हत नई?" सगळं बरोबर आहे तर चालू का होत नाही, हेच मग जो तो एकमेकांना विचारत होता. लोक हळूहळू पांगले, आणि पांगताना एकजण दुसऱ्याला म्हणाला की ऑफिसच्या माणसाचं हे काम नव्हे. हे बोलणं तुमच्या घरचं, डोकमर्डीत कसं पोचलं कोण जाणे.

तेव्हापासून हे पार्किंगमध्ये गेलेले नाहीत. ऑफिसला चालत जातात, जिना उतरताना गाडीच्या बाजूला बघतसुद्धा नाहीत. जेवायला वाढलं की जेवतात. मीठ विसरलं तरी जेवतात. परवा मुद्दाम विचारलं, आमटी चालेल ना? नुसतं हं म्हणाले. मला राग येतो, वन्सं. ह्यांचा येतो, की पन्नाशी उलटलेल्या माणसाने मेव्हण्याच्या एका वाक्यासाठी घराचं गॅरेज करावं आणि मग स्वतःच मोडून बसावं. तुमचा येतो, की तुम्ही पाठची बहीण नव्हे, मोठी बहीण आहात, आणि एकदाही म्हणाला नाहीत की पुरे आता. आणि भावोजींचा किती येतो ते लिहीत नाही, कारण तुम्हाला त्यांच्याबरोबर राहायचं आहे.

तेव्हा स्पष्ट लिहिते. भाऊबीजेला जरूर या, पण भावोजींना तिकडेच ठेवा. आणणारच असाल तर इंजिन, गाडी, फाईल, हलणं आणि हलवणं ह्यातला एकही शब्द त्यांनी आमच्या उंबऱ्याच्या आत काढायचा नाही. पुन्हा ऐकून घेणार नाही. राग मानू नका, किंवा माना.

तुमची,
सुलभा

ता.क. चकलीची भाजणी पाठवू नका. मागची अजून आहे, आणि तिला इंजिन ऑइलचा वास लागलाय.

ता.क. दुसरा : वर ह्या बुधवारची गोष्ट लिहिलीच नाही. बुधवारी मी बादली आणायला खाली गेले तर गाडीच्या उघड्या बॉनेटखाली वायरींना बांधलेल्या माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या दिसल्या. ठिणगीच्या तीन वायरी काढताना ह्यांनी मला सांगितलं होतं, लिही, पहिली, दुसरी, तिसरी. ते मोजत होते ड्रायव्हरच्या बाजूने. बसवताना मात्र पुस्तक उघडलं, आणि पुस्तक मोजतं दुसऱ्या टोकाकडून. आमच्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पहिला कोण यावरून रोज हेच भांडण होतं, म्हणून मला चटकन दिसलं. स्वतःवर भरवसा नाही म्हणून माणसाने पुस्तकावर ठेवला, बाकी काही नाही. नवनाथने बॅटरी चार्ज करून ठेवली होतीच. हे ऑफिसात होते. मी पहिली आणि तिसरी वायर आपसात बदलली, आत बसले, किल्ली फिरवली. एका दमात सुरू झाली, वन्सं. इतकी शांत चालत होती की मला रडूच आलं. मग वॉचमन बघायला लागला म्हणून बंद केली आणि त्याला सांगितलं, टाकीची मोटर असेल.

ता.क. तिसरा : मी ह्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते इंजिन माझं होईल. एकदा परत बघा ना, म्हणून समजावलं, रडले, भांडले. हे खाली उतरत नाहीत. तेव्हा एक काम करा. येत्या रविवारी सकाळी ह्यांचा चहा झाला की भावोजींना फोन करायला लावा आणि त्यांना हवं ते बोलू द्या. तेच वाक्य, त्याच आवाजात, जमलं तर थोडं वाढवून. ह्यांना चीड आली पाहिजे, एवढी की फोन आपटून किल्ली घेऊन जिना उतरतील. तेवढं भावोजींखेरीज कुणाला जमणार नाही. त्यांना मात्र गाडी चालू होते हे सांगू नका. त्यांना मनापासून बोलू द्या.