पट्टी लावून खेळायचे खेळ

३ सप्टेंबर, मंगळवार

भिंगरीला डाव्या डोळ्याने दिसत नाही. म्हणजे दिसतं, पण फार थोडं. पाच वर्षांची झाली पोर आणि मला आज कळलं! शाळेत तपासणी झाली, तिथून चिठ्ठी आली, आज दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा चांगलाय पण आळशी झालाय. सगळं काम उजवाच करतो, म्हणून डावा नुसता बसून राहिला. आता उजव्यावर पट्टी लावायची, रोज दोन तास. मग डावा झक मारत काम करेल. झक मारत हा माझा शब्द, त्या नीट बोलल्या.

"मोठी झाल्यावर अवघड जातं. सहा आठवड्यांनी बघू," म्हणाल्या. आणि नाही सुधारला तर? ते विचारायचं धाडस झालं नाही.

तिला एक काळसर चष्मा घालून फुलपाखराचं चित्र दाखवलं. पंख चिमटीत धर म्हणाल्या. तिने कागदावर बोट टेकवलं. बाईंनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. पण चित्रातले पंख कागदावरच असणार ना? मी असते तर मीही तेच केलं असतं.

ही वही त्यांनीच दिली. रोज पट्टी किती मिनिटं ठेवली आणि पट्टी लावून काय केलं ते लिहायचं. ते पुढून लिहीन. मागच्या पानांवर हे. सहावीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं पहिल्यांदाच लिहितेय. कोणी वाचणार नाही. बरंय.

४ सप्टेंबर

पट्टी चार वेळा ओढून काढली. रडली, मला लाथा मारल्या. अकरा मिनिटं. दोन तास कुठून आणू!

५ सप्टेंबर

बाईंनी एक गोष्ट सांगितली होती, ती मी घरी लपवली होती. पट्टी लावून अर्धा तास फोनवर खेळू दे, बारीक बघावं लागतं, डोळ्याला काम मिळतं. आज जेवताना सांगून टाकलं.

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "फोननेच डोळा खाल्ला पोरीचा, आणि औषध काय? तर फोन!"

हे म्हणाले, "आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यांच्या पोरीला दे म्हणावं आधी."

मनातून मलाही तेच वाटतं. दोन वर्षांची होती तेव्हा स्वयंपाक करताना मीच फोन हातात द्यायचे, गप्प बसावी म्हणून. माझ्यामुळेच झालं असेल तर?

७ सप्टेंबर, शनिवार

शर्टांच्या कारखान्यात माझ्या शेजारी काजबटणवाली बसते. जेवणाच्या सुट्टीत तिचं डोकं कायम फोनमध्ये. तिला विचारलं, लहान पोरीला कोणता खेळ द्यावा? म्हणाली, "आधी तू खेळ. पोरीला घास भरवताना गरम आहे का बघतेस ना? तसंच." तिने तीन खेळ घालून दिले.

तिन्ही खेळले. खरं ते लिहिते.

फुगे फोडायचा. रंग छान. पण कुठेही बोट लावा, चांदण्या उडतात. चुकलं तरी शाबासकी! त्यात डोळ्याला कसलं काम? आपली लाड करणारी आत्याच ती.

शेतीचा. पेरा, पाणी घाला, वाट बघा. वाट नको असेल तर पैसे भरा. वर दिवसभर टुणटुण — तुमची गाय भुकेली आहे. माझी पोर भुकेली असताना ही गाय कोण? काढून टाकला.

बेडकाचा. तळ्यात पानं तरंगतात. या पानावरून त्या पानावर उडी मारायची आणि वाटेत माशी खायची. नेम चुकला की पाण्यात. पाणी निळं, पानं हिरवी, गडबड नाही. हा आवडला! दोष एकच, मध्येच जाहिरात येते आणि ती बंद करायची फुली मुंगीएवढी. पोरीला ती दिसणारच नाही, मीच बंद करून द्यायची.

आणि एक गंमत. मी पहिल्याच दिवशी एकशे सत्तर उड्या मारल्या. काजबटणवाली बघतच राहिली. "तू? सुईत दोरा न ओवता येणारी?" मला आधी मशीनवर बसवलं होतं, पण दोरा काही जाईना, तेव्हापासून मी शर्टांचे सुटे धागे कापते. "मीच," म्हटलं.

१० सप्टेंबर

सव्वीस मिनिटं! पट्टीला हातसुद्धा लावला नाही!

तिला पान नीट दिसत नाही, मग मी शेजारी बसून सांगते — वर ये, आता सरळ, थांब, हं, मार उडी! बेडूक पाण्यात पडला की ती माझ्याकडे बघते, आई रागावेल का म्हणून. मी म्हणते, घाबरू नको, पडलीस तर पुन्हा. सासूबाई दारात उभ्या होत्या. खेळ संपेपर्यंत हलल्या नाहीत.

१५ सप्टेंबर, रविवार

हे घरी होते. अंगणात भिंगरीशी चेंडू खेळत होते, माझ्याकडे टाकला. माझ्या खांद्याला लागून नळापाशी गेला. परत टाकला, परत गेला. "हिचे हात नुसते शोभेचे!" हे हसले. मीही हसले. शाळेतही मला कोणी आपल्या बाजूला घ्यायचं नाही. आत आल्यावर चहा ओतला तर अर्धा बशीत. "वेंधळी ती वेंधळीच," सासूबाई. रोजचंच आहे, वाईट नाही वाटत.

पण बेडकाच्या दोनशे बारा उड्या झाल्या माझ्या! एकदाही पाण्यात नाही. तिथे मी वेंधळी नाही. का ते मला कळत नाही. फोनमधली जागा जणू माझ्या मापाची आहे. पंचवीस वर्षांत कुठल्याच खेळात जिंकले नव्हते. ज्याने कुणी हा बेडूक बनवला त्याचं भलं होवो.

१९ सप्टेंबर

काल चौदा उड्या, आज एकसष्ट! भिंगरीच्या! पट्टी लावून! मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. ह्यांना गाडीवर फोन केला, ते रस्त्याकडेला ट्रक थांबवून रडले म्हणे. सासूबाईंनी पोरीची अलाबला घेतली.

२० सप्टेंबर

खोटं होतं सगळं.

आज खेळताना तिची मान तिरकी दिसली. वाकून बघितलं तर नाकाच्या बाजूने पट्टी सोडवलेली. त्या फटीतून उजव्या डोळ्याने बघत होती. दोन दिवस! म्हणाली, "तू खूश झालीस ना?"

रागावताच आलं नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. ह्यांना काय सांगू?

खेळाचा मोठा दोष आज कळला. उड्या कितीही मारा, मोजतो. कोणत्या डोळ्याने मारल्या ते त्याला काय ठाऊक! आणि मीही त्याच्यासारखीच, नुसता आकडा बघत बसले.

२१ सप्टेंबर

सासूबाईंना सांगितलं. वाटलं आता ऐकवतील, फोन कपाटात जाईल. त्यांनी चष्मा पुसला, पाट घेतला आणि भिंगरीच्या समोर बसल्या. "तू बेडूक बघ, मी फट बघते."

आज नऊ उड्या. खऱ्या.

२६ सप्टेंबर

सासूबाई रोज पहाऱ्याला. पण चार दिवसांत पाट समोरून शेजारी आला. आज म्हणत होत्या, "अगं बये, मार की उडी, पान चाललं!" भिंगरी शाळेत गेली तेव्हा मागच्या खोलीतून तळ्याचा आवाज येत होता. मी आत डोकावले, तर फोन पदराखाली.

"काय नाही, बंद कसा करतात ते बघत होते."

किती उड्या झाल्या ते विचारलं नाही. संध्याकाळी आपणच बोलल्या — बावीस.

३ ऑक्टोबर

महिना झाला. इतके खेळ बघितले, आता मला थोडं बोलायचा अधिकार आहे.

खेळाला पुरे म्हणता येत नाही. शाळा सुटते, कारखान्याचा भोंगा होतो, हा संपतच नाही, आपणच उठायचं. भिंगरी अर्ध्या तासाने फोन देताना रोज दोन मिनिटं तोंड फुगवून बसते. काही खेळ तर मुद्दाम हरवतात, पैसे भरावेत म्हणून. आणि बहुतेकांत बाई असली तर ती वाचवायलाच बसलेली असते. म्हणून बेडूक बरा.

पण एक गोष्ट मी कुठल्या माणसात बघितली नाही. पडलो की खेळ एवढंच विचारतो — पुन्हा? मागचं काढत नाही, टोमणा नाही, तुझी आईही अशीच होती का म्हणत नाही. मागच्या पडण्याचं नवीन पानावर काही नसतं. मला असं कोणी शिकवलं असतं तर! भिंगरीशी बोलताना मी आता ते वापरते. तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे.

भीती मात्र गेलेली नाही. तपासणीला अकरा दिवस उरलेत.

१० ऑक्टोबर

खेळता खेळता भिंगरी थांबली. फोन डोळ्याशी नेला. म्हणाली, "आई, माशीला पाय आहेत!"

आत्तापर्यंत तिला माशी म्हणजे ठिपका दिसत होता. सासूबाईंनी पट्टीची कड न् कड बोटाने तपासली. फट नव्हती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. पायच पाय, सहा पाय, तिने मोजून दाखवले.

ह्यांना सांगायचं नाही ठरलं. एकदा तोंड पोळलंय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मी, सासूबाई, भिंगरी. 

उजवा झाकून तक्ता वाचून घेतला. शाळेत अजून सगळी अक्षरं झाली नाहीत, म्हणून चित्रांचा. सहा आठवड्यांपूर्वी वरचं घरच दिसलं होतं. आज घर, सफरचंद, छत्री, खालचा छोटा पक्षीसुद्धा! तीन ओळी जास्त! बाई म्हणाल्या, "डोळा जागा झालाय. पट्टी सोडायची नाही, पण घाबरायचं आता कारण नाही." सासूबाई त्यांच्या पाया पडायला वाकल्या, बाईंनी वरच्यावर धरलं.

मग परत ते फुलपाखरू, तो काळसर चष्मा. पंख धर म्हटल्यावर भिंगरीने कागदाच्या वर, अधांतरी, हवेतच चिमटी केली.

एवढं सगळं चांगलं झालं आणि इथे चुकली! "अगं, असं काय करतेस? कागदाला हात लाव!" मी ओरडले.

बाई माझ्याकडे वळल्या. भिंगरीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि माझ्या डोळ्यांवर ठेवला. "तुम्ही धरा बघू."

मी कागदावर बोट टेकवलं.

१५ ऑक्टोबर

उजवा डोळा झाकून लिहितेय. भिंगरीचीच पट्टी, मला जरा अपुरी पडते.

दोन्ही डोळे काम करत असले की त्या चष्म्यातून फुलपाखराचे पंख कागदाच्या वर उठलेले दिसतात म्हणे. माझाही डावाच आळशी. लहानपणापासून. कोणी कधी उजवा झाकून बघितलाच नाही. फोनने होत नाही, घराण्यातून येतं कधी कधी, म्हणाल्या. पडदा सपाट असतो, तिथे एका डोळ्यावर भागतं. चेंडू आणि चहाला दोन लागतात. या वयात किती सुधारेल ते सांगता येत नाही म्हणे. चालेल. तिचा वेळेवर सापडला. आज चहा सासूबाईंनी ओतला.

अक्षर मोठं काढलंय तरी ओळ सापडत नाही. भिंगरी मांडीला टेकून बसलीय, माझ्या पेनाकडे बघत.

"वर ये, आई. आता सरळ. घाबरू नको, पडलीस तर पुन्हा."