पट्टीवरची अक्षरं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. संस्थेच्या छापील कागदावर लिहितोय, त्याबद्दल रागावू नकोस. वरचं नाव आणि चिन्ह पाव पान खातं हे मलाही दिसतं, पण ते मीच काढलंय आणि घरात दुसरा कागद नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. नाना फोनवर का येत नाहीत, आणि त्यांचा फोटो पाठवतो म्हणाला होतास त्याचं काय झालं. नाना बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणून बाहेर पडत नाहीत, एवढंच. वाचनालयाच्या बाकावर त्या निवृत्त पोस्टमनबरोबर रोज वाद घालायला जायचे, तेही बंद आहे. फोनचं म्हणशील तर त्यांना तो कधीच आवडला नाही. फोटोचं बघतो. आणि ‘तिथे त्यांची आबाळ होत असेल तर मी येऊन घेऊन जाते’ हे वाक्य तू लिहायला नको होतंस. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाला आबाळ फार लवकर दिसते.

आता माझं रडगाणं ऐक. पाट्या रंगवायचं दुकान बंद केल्यापासून मी या संस्थेचा प्रसिद्धीप्रमुख आहे, हे तुला माहीत आहे. आमचं काम साधं. घरात कुणी आजारी पडलं, कुणाचं हाड मोडलं, की वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची आम्ही वापरायला देतो आणि गरज संपली की परत घेतो. फुकट. इतकं चांगलं काम, पण गावात कुणाला पत्ता नाही! वस्तू लोकांच्या घरात आणि संस्था अंधारात. म्हणून गेल्या वर्षी मी समितीला सांगितलं की प्रत्येक वस्तूवर आपलं नाव हवं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी स्वतः बसून एकेका वस्तूला केशरी पत्र्याची पट्टी लावली. त्यावर पांढऱ्या रंगात संस्थेचं नाव आणि खाली ‘गरजूंच्या सेवेत’. अक्षरं चार बोटं उंच, रस्त्यापलीकडून वाचता येतील अशी. चौकात मोठा फ्लेक्सही लावला.

आणि फळ काय? वस्तू न्यायला येणारे निम्म्यावर आले. परवा बाजाराच्या तोंडाशी टेबल मांडून बसलो. तीन तासांत दोन माणसं. एकाने शौचालय कुठे आहे ते विचारलं. दुसरा म्हणाला, "साहेब, ती खुर्ची जरा देता का? हिचे पाय भरून आलेत." मी उत्साहाने चाकाची खुर्ची पुढे केली, तर त्या बाईने पाठीवरची पट्टी वाचली आणि म्हणाली, "नको, उभीच बरी." जगात चांगलं करायची सोय राहिलेली नाही.

अध्यक्षबाईंचं म्हणणं असं की प्रसिद्धी कमी पडतेय, अक्षरं आणखी मोठी करा. आता आणखी मोठी केली तर वॉकरपेक्षा पट्टी जड होईल.

आणि आता कहर ऐक. गोदामावर आमचा एक माणूस आहे, त्याला सगळे मौनी म्हणतात, कारण तो दिवसाला चार शब्द खर्च करतो. त्याने मला परत आलेले वॉकर दाखवले. अकरा वॉकरच्या पट्ट्यांवर कापडाच्या गवसण्या चढवलेल्या! मागून बटणं, कडेला दुहेरी शिवण, आणि पुढे चष्मा ठेवायला खिसा. माझं एकही अक्षर दिसत नाही. आम्ही रक्त आटवून नाव बाहेर काढायचं आणि कुणा शिंप्याने ते झाकून ठेवायचं! मौनीला विचारलं, कुणाचं काम हे? त्याने खांदे उडवले. कोण हा शहाणा आहे ते मी शोधून काढणार आहे.

नाना मशीनच्या खोलीत बसले आहेत, तुला आशीर्वाद सांगताहेत. म्हणजे विचारलं तर सांगतील.

तुझा धाकटा भाऊ,
प्रसिद्धीप्रमुख
(शिक्का हाताच्या सवयीने उमटला.)


१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

घाबरू नकोस. नाना परवा सकाळी पडले. उजवं मनगट मोडलं आहे, प्लास्टर घातलंय, बाकी कुठे लागलं नाही. डॉक्टर म्हणाले की दीड महिना.

दोरा आणायला गेले होते. हो, एकटे. मी आणून दिलेला वॉकर घरात ठेवून. मागच्या बोळातून गेले, तिथली फरशी उखडली आहे. चौकातून सरळ सपाट रस्ता असताना बोळातून का गेले ते मला विचारू नकोस, मी त्यांना विचारलेलं नाही. आणि दोरा कशाला हवा होता, तेही विचारू नकोस.

ते माझ्याशी बोलत नाहीत असं नाही. ‘हो’, ‘नाही’, ‘पुरे’ एवढं बोलतात. हिच्याशी मात्र बोलतात.

लगेच निघून येऊ नकोस. आलीस की तू त्यांना घेऊन जाशील, आणि मग ते परत येणार नाहीत, हे मला माहीत आहे.

भाऊ


२ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. तीन ओळी. ‘रविवारी येते. नानांचे कपडे भरून ठेव. नाही म्हणू नकोस.’ लहानपणी माझा कान धरायचीस ती पकड अजून तशीच आहे.

तू येण्याआधी मला काही सांगायचं आहे. समोर सांगता येणार नाही, कारण समोर असलो की मी बोलायलाच लागतो आणि मग माझंच खरं होतं.

त्या गवसण्या कुणी शिवल्या हे मला मौनीने दाखवल्या त्याच क्षणी कळलं होतं. शिंप्याचा मुलगा आहे मी. शिवण संपवताना तीन उलटे टाके घेऊन दोऱ्याचं टोक आत वळवायचं, हे अख्ख्या गावात नाना सोडून कुणी करत नाही. आपल्या शाळेच्या दप्तरांना तशीच शिवण होती. तरी मी तुला लिहिलं की कोण शहाणा आहे ते शोधून काढतो. तुला फसवत होतो की स्वतःला, देव जाणे.

नाना पडल्यावर हिने सगळं सांगितलं. मी दुपारी सभा-बैठकांना गेलो की लोक घरी यायचे. कुणाची सासू वॉकर घेऊन जिन्याखाली उतरायला तयार नसायची, कुणाचे वडील खिडकीपाशी बसून राहायचे. त्यांना वॉकर हवा होता, पण त्यावरचं ‘गरजू’ घेऊन रस्त्यावर फिरायला नको होतं. कुणीतरी नानांना म्हणालं, झाकायला काही शिवून द्याल का? तिथून सुरू झालं. खिशाची कल्पना नानांची. मी हिला म्हणालो, "मला एका शब्दाने तरी सांगायचंस." तर म्हणाली, "तुम्ही गावभर ओरडत होतात, आम्ही घरात झाकत होतो. सांगायला मध्ये जागा होती कुठे?"

मग मी नानांपुढे जाऊन बसलो. प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ते मशीनपाशी होते. त्यांचा वॉकर बाजूला होता, आणि ताई, तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळ्यांच्या पट्ट्या त्यांनी झाकल्या होत्या. त्यांची स्वतःची उघडी होती. केशरी, चार बोटं अक्षरं.

मी म्हणालो, "नाना, तुमच्या वॉकरला का नाही शिवलीत?"

त्यांनी डाव्या हाताने दोऱ्याचं रीळ उचलून डब्यात ठेवलं. मग म्हणाले, "लोकांचं झाकलं ते लोकांनी सांगितलं म्हणून. माझं झाकलं असतं तर तुला रोज दिसलं असतं. केवढ्या हौसेने लिहिलंस तू ते. अक्षर चांगलं आहे तुझं."

"मग बाहेर जाणं सोडलंत?"

"सोडलं."

एवढंच. माझं मन राखायला माणूस आठ महिने घरात बसला, आणि मी तुला लिहीत होतो की गुडघा दुखतो.

आता जे लिहायला मी तीन पत्रं घालवली ते लिहितो. तुला फोटो हवा होता. आठ महिन्यांपूर्वी मी त्यांना नवा वॉकर आणून दिला, अंगणात उभं केलं, म्हणालो, "हसा नाना, ताईला पाठवायचाय." ते हसले. नवा शर्ट घालून आले होते, केस विंचरून, तू बघणार म्हणून. आणि मी तो फोटो चौकातल्या फ्लेक्सवर छापला. दहा फूट उंच. खाली, माझ्याच अक्षरात, ‘एका गरजूच्या चेहऱ्यावरचं हसू’.

मी त्यांना विचारलं नाही. वाटलं, खूश होतील. खोटं कशाला बोलू, तेवढाही विचार केला नाही; चांगला फोटो होता, समितीला आवडला. ज्या माणसाने जन्मभर गावाला कपडे घातले, त्याला मी चौकात उघडं केलं. वाचनालयाचा रस्ता त्या चौकातून जातो. पडले त्या दिवशी ते बोळातून का गेले, ते आता तुला सांगायला नको.

मी म्हणालो, "नाना, तेव्हाच का नाही बोललात?" ते म्हणाले, "तू विचारलंस कुठे? तू हस म्हणालास, हसलो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शिडी लावून फ्लेक्स उतरवला. चौकातले लोक बघत होते, पोस्टमनने तर खालून शिडी धरली आणि वर एक शिवीही दिली, माझ्याच नावाने. गुंडाळी घरी आणली. मला वाटलं, नाना तोंड फिरवतील. त्यांनी डाव्या हाताने कोपरा चाचपला आणि म्हणाले, "मागची बाजू कोरी आहे. कापायचे नमुने काढायला होईल."

समितीत सांगितलं की पट्ट्या काढतो. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मग संस्था लोकांना दिसणार कशी?" हे माझंच वाक्य आहे, गेल्या वर्षीचं, त्यामुळे रागावताही येईना. पुढच्या बैठकीत बघू म्हणाल्या. मी बैठकीची वाट न बघता गोदामात गेलो. मौनीने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्या हातात ठेवला आणि एक अख्खं वाक्य बोलला, "कधीची वाट बघत होतो." निम्म्या पट्ट्या काढून झाल्या आहेत. राहिलेल्यांवरून काय ओरडा व्हायचा तो होईल.

नानांच्या वॉकरची पट्टी सगळ्यात आधी काढली. सोमवारी ते डावा हात त्याच्यावर आणि प्लास्टरचा माझ्या खांद्यावर ठेवून कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. चौकापर्यंत नाही. कोपऱ्यापर्यंत.

सात गवसण्यांचं काम अजून बाकी आहे. मी म्हणालो, आता पट्ट्याच नाहीत तर गवसण्या कशाला? म्हणाले, "चष्मा कुठे ठेवतील?" म्हणून रोज सकाळी मी मशीनवर बसतो, ते बाजूला बसून मला शिव्या देतात. तीन उलटे टाके मला काही केल्या जमत नाहीत. काल त्यांनी एक गवसणी तीन वेळा उसवायला लावली. मी कुरकुरलो, तर ‘पुरे’ म्हणाले नाहीत, चांगली दहा मिनिटं बोलले.

रविवारी ये. त्यांनी तुझ्याकडे यायचं की इथे राहायचं, ते त्यांनाच विचार आणि ते काय म्हणतात ते नीट ऐक. त्यांच्या वतीने बोलायचं मी सोडलं आहे. जातो म्हणाले तर मीच बॅग उचलून गाडीपर्यंत येईन. कपडे मात्र मी भरलेले नाहीत.

कागद आखूड दिसेल. वरचा छापील भाग नानांच्या कात्रीने कापला आहे. सोबत तुझा फोटो जोडतो, मूळचा, खाली काही न लिहिलेला. नीट बघ. नाना तुझ्याकडे बघून हसताहेत. आठ महिने मी त्यांना भलत्याच लोकांकडे बघायला लावलं होतं.

तुझा,
ज्याला एवढं मोठं अक्षर काढता येतं आणि एक साधी गोष्ट विचारता आली नाही, तो
धाकटा