चौदा एप्रिलचं बाळ

१० एप्रिल

टायटॅनिक आज निघाली – १९१२! सकाळी सकाळी शाळेतून शालू मॅडमचा फोन. "रूपालीताई, आजचा दिनविशेष सांगा की जल्दी, परिपाठाला पोरं उभी राह्यली!" बाळंतपणाची रजा घेतली तरी फळा काही सुटेना. सांगितलं. मग वाटलं, बुडायला निघालेली बोटच कशी आठवली मला!

चौदाला सकाळी जालन्याला सिझर. तारीख सासूबाईंनी धरून ठेवलीय – "बाबासाहेबांच्या जयंतीला माझं नातवंड!" अख्ख्या टेंभुर्णीत सांगून आल्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, चौदा चालेल. पण डोकं दुखलं, सूज आली तर तारीख विसरायची आणि निघून यायचं. मागचं बाळ सिझर करूनही हाती लागलं नव्हतं, ते त्या विसरलेल्या नाहीत.

मी तरी कुठे विसरलेय.

११ एप्रिल

फुले जयंती. आणि माझ्या पायात चप्पल जाईना! नणंद पायल हसली – "वहिनी, दादाची घाल!" ती ना, कशावरही हसते. मीही हसले. पण पायावर बोट दाबलं की खड्डा पडतो, तो तसाच राहतो.

सासूबाई मशीनवर निळं झबलं शिवत होत्या. विचारलं, आत्याबाई, तारखेचं एवढं काय हो? मशीन थांबली.

"माझी तारीख कोणती? एक जून. तुझ्या सासऱ्याची? एक जून. गल्लीत कोणालाबी इचार, एक जून! शाळंत घालताना मास्तर म्हणला, पोरगी कव्हा जन्मली? माय म्हणली, ज्वारी काढून राह्यलो व्हतो तव्हा. मंग लिवलं त्यानं एक जून. आता ज्वारी जूनमधी काढत्यात का गं?"

खूप हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "माझ्या नातवंडाची तारीख दुनियेला ठावं पाह्यजे."

१२ एप्रिल

गागारिन अवकाशात गेला, १९६१. "आणि सुखरूप परत आला!" हे मी शालू मॅडमला दोनदा लिहून घ्यायला लावलं.

गावच्या आशा कार्यकर्त्या केशरबाई आल्या होत्या. दंडाला पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "ताई, बीपी लई वाढलंय. आजच जा." म्हटलं, आत्ताच धुणं वाळत घातलं ना, म्हणून असेल. खोटं! सकाळपासून पलंगावरून उठलेलीच नव्हते. "घरात बोलू नका हं." त्यांनी पट्टा गुंडाळला आणि निघून गेल्या.

का बोलले मी असं? पोरांना मीच शिकवते – तारीख काही करत नाही, माणसं करतात! आणि आता सासूबाईंपेक्षा मलाच चौदा हवीय. मागच्या बाळाची तारीख कुठल्याच फळ्यावर नाही. कुणी विचारतसुद्धा नाही. याची तारीख दरवर्षी प्रत्येक शाळेच्या फळ्यावर असेल, कुणाला विसरता येणार नाही. एवढंच हवंय मला.

डोकं ठणकतंय. डॉक्टरबाईंना फोन करायला हवा. उद्या करते.

१३ एप्रिल

जालियनवाला बाग. शालू मॅडमचा फोन घेतला नाही. आज नाही सांगवत.

डोळ्यांपुढे काजवे. ओळी तिरक्या जातायत. बाळ कालच्यापेक्षा कमी हलतंय का? की मलाच तसं वाटतंय? एकच दिवस, बाळा. एकच!

दुपार. दवाखाना – केशरबाईंनी सांगून टाकलं! घरी सासूबाई हातात झबलं तसंच घेऊन माझ्या खोलीत आल्या, सुई त्यातच लटकत होती. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापर्यंत कळ काढ. तर त्या सूरजवरच ओरडल्या – "बायकोकडं बघत काय बसलास? गाडी काढ!"

मी म्हटलं, आत्याबाई, उद्या चौदा...

"जयंती दरसाल येती! तू गेलीस तं कुठून आणू गं मी?"

गाडीभर माझा हात सोडला नाही त्यांनी. आता आत नेतायत. भीती वाटते. खूप भीती वाटते.

१४ एप्रिल

मुलगी. कालच झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय. मी अजून पाहिली नाही.

डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "आजची रात्र जाऊ द्या." आणि दारातून वळून, "अजून एक दिवस थांबला असतात तर दोघीही वाचला नसतात."

बाहेर जयंतीची मिरवणूक चाललीय. ढोल इथपर्यंत येतोय. सासूबाई जन्मात पहिल्यांदा मिरवणुकीला गेल्या नाहीत. पेटीच्या खोलीबाहेर बसून आहेत, जयंतीसाठी काढून ठेवलेल्या पांढऱ्या लुगड्यात.

१५ एप्रिल

रडली! मोठ्यानं रडली! नळी काढली.

सूरज हळूच म्हणाला, "जन्माच्या नोंदीत चौदाच सांगू का? एका दिवसाचा तर फरक. कोण बघतं?" मी हो म्हणणारच होते. सासूबाई काचेला कपाळ टेकून उभ्या होत्या. वळल्यासुद्धा नाहीत.

"बिलकुल न्हाई. खोट्या तारखेची मी हाय तेवढी बास. पोरीची तारीख पोरीला राहू दे."